जुना डीएसएलआर घ्यायचाय? आधी तासभर वेळ काढा, मग पैसे

गेल्या सात-आठ वर्षांत घरच्या आणि ओळखीतल्या लोकांसाठी मी जुने डीएसएलआर (आत आरसा असलेले, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) बघायला बऱ्याचदा गेलोय, कधी पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, कधी मुंबईत फोर्टला बोरा बाजारात, कधी ओएलएक्सवर बघून कुणाच्या तरी घरी, आणि घेतले त्यापेक्षा परत ठेवून आलेलेच जास्त आहेत. मागच्या वर्षी मावसभावाच्या मुलीला कॉलेज सुरू व्हायच्या आधी कॅमेरा हवा होता, तिच्यासाठी निकॉन डी९० घेतला. तेव्हा तिला जे जे दाखवलं आणि सांगितलं ते इथे लिहून काढतोय, कारण हेच प्रश्न मला सारखं कुणीतरी विचारत असतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच आहे. जुना कॅमेरा जाहिरातीतल्या फोटोवरून घेऊ नका. हातात घेऊन, स्वतःचं कार्ड घालून, तासभर बघून घ्या. समोरचा माणूस तेवढा वेळ द्यायला तयार नसेल तर कितीही स्वस्त मिळत असला तरी उठून या. मी एकदा कुरिअरने मागवला होता, फोटोत लेन्स चकचकीत होती, घरी येऊन टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, आणि ते पैसे गेले ते गेलेच.

कुठला घ्यायचा

कॅनन-निकॉन दोघंही आता मिररलेसच्या (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या) मागे लागलेत त्यामुळे लोक आपले डीएसएलआर काढून टाकतायत, आणि शिकणाऱ्यासाठी याच्यापेक्षा चांगली वेळ नाही. मेगापिक्सेलला घाबरू नका. डी९० हा २००८ चा कॅमेरा, १२.३ मेगापिक्सेल, म्हणजे फोटो ४२८८ बाय २८४८ चा येतो, त्यातनं १२ बाय ८ ची प्रिंट एकदम स्वच्छ निघते. उजेड बरा असेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० पर्यंत काही प्रॉब्लेम नाही, १६०० ला थोडे दाणे दिसतात पण चालतात. लग्नाच्या हॉलमधे रात्री पैसे घेऊन काम करायचं असेल तर मात्र हा कॅमेरा नको, तिथे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या मोठ्या चिपचा कॅमेरा) बघा, निकॉन डी७०० किंवा कॅनन ५डी मार्क टू, दोन्ही २००८ चेच आहेत पण अंधारात डी९० च्या बरेच पुढे.

निकॉनमधे एक गोष्ट लोकांना माहितीच नसते आणि तिथेच फसगत होते. काही बॉडींच्या (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) आत फोकसची मोटर असते, काहींच्या नसते. डी८०, डी९०, डी२००, डी३००, डी७००० यांच्यात आहे. डी४०, डी६० आणि डी३००० नी डी५००० च्या सगळ्या रांगेत (डी३१००, डी३२००, डी५१००, डी५३०० वगैरे) नाही. मोटर असलेल्या बॉडीवर जुन्या एएफ-डी (स्वतःची मोटर नसलेल्या) लेन्स ऑटोफोकस करतात आणि त्या सेकंडहँडमधे स्वस्त मिळतात, ५० एमएम १.८ डी तर नवशिक्यासाठी सोनंच आहे. तीच लेन्स डी३१०० वर लावली तर फोकस हाताने फिरवून करायला लागतो. म्हणून मी वयाने लहान डी३१०० पेक्षा म्हातारा डी९० घ्यायला सांगतो. उलट बाजूही सांगतो, नव्या एएफ-पी नावाच्या लेन्स डी९० आणि डी७००० वर चालत नाहीत, फोकसच होत नाही, तेव्हा लेन्सवर एएफ-पी लिहिलेलं दिसलं तर ती घेऊ नका.

कॅननमधे हा घोळ नाही, १९८७ पासूनची कुठलीही ईएफ लेन्स कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर फोकस करते. फक्त ईएफ-एस (छोट्या सेन्सरच्या बॉडीसाठीची) लेन्स फुल फ्रेमवर बसत नाही एवढं लक्षात ठेवा. कॅननमधे मी ५५०डी, ६००डी, नाहीतर थोडे जास्त पैसे असतील तर ६०डी सांगेन, तिघेही १८ मेगापिक्सेलचे आणि व्हिडिओ बरा करतात. डी९० व्हिडिओ करणारा जगातला पहिला डीएसएलआर होता हे खरं असलं तरी तो ७२०पी आहे, एकावेळी पाच मिनिटं आणि शूट चालू असताना ऑटोफोकस नाही, त्यामुळे ज्याला मुख्यतः व्हिडिओच करायचाय त्याने निकॉनचे जुने मॉडेल सोडून द्यावेत.

काही मॉडेलचे दोष जगजाहीर आहेत, ते माहिती असले की पहिल्या पाच मिनिटांत कळतं. निकॉन डी६०० (२०१२) च्या सेन्सरवर तेलाचे आणि धुळीचे ठिपके यायचे, कंपनीने नंतर शटर (सेन्सरसमोर उघडझाप करणारा पडदा) बदलून दिले, तेव्हा शटर बदललंय का ते विचारा आणि खाली सांगितलेली सेन्सरची टेस्ट कराच. कॅनन ५डी चं पहिलं मॉडेल (२००५) असेल तर त्याचा आरसा सुटून पडायचा, कंपनीने तोही फुकट पक्का करून दिला होता. पेंटॅक्स के-३० आणि के-५० मधे आतला अॅपर्चरचा (लेन्समधल्या उजेड येण्याच्या भोकाचा) भाग अडकतो नि फोटो काळे येतात. आपल्याकडे पेंटॅक्स क्वचितच दिसतो पण स्वस्त दिसला म्हणून कुणी घेऊ नये यासाठी लिहिलं.

जायच्या आधी फोनवर

फार प्रश्न विचारू नका, विकणारा कंटाळतो. चारच विचारा. बिल आणि बॉक्स आहे का, चार्जर ओरिजिनल आहे का, कधी उघडून रिपेअर झालाय का, आणि किती दिवसांपासून वापरात नाहीये. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. लोक शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा) शटर काउंट करतात, पण माझा अनुभव असा की साठ हजार फोटो काढलेला आणि रोज वापरात असलेला कॅमेरा बारा हजार फोटो काढून सहा वर्षं कपाटात लेदरच्या केसमधे पडलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी बरा असतो. आमच्या चिपळूणसारख्या ठिकाणी तर नक्कीच, इथे चार पावसाळे बंद कपाटात काढलेली लेन्स मी अजून बुरशीशिवाय बघितलेली नाही.

इसार म्हणून आधी पैसे पाठवायला सांगितलं तर पाठवू नका. समोरासमोर, दिवसाउजेडी, शक्यतो खिडकीजवळ बसायला मिळेल अशा जागी भेटा.

पिशवीत काय न्यायचं

स्वतःचं एसडी कार्ड, पण १६ किंवा ३२ जीबीचंच. डी८०-डी९० च्या जमान्याचे कॅमेरे ६४ जीबीच्या कार्डासाठी बनलेलेच नाहीत, तिथे कार्ड एरर आला तर दोष कॅमेऱ्याचा नसून तुमच्या कार्डाचा असतो. डी२००, डी३००, कॅनन ४०डी, ५डी असेल तर सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश, आधीच्या पिढीचं मोठं) कार्ड लागतं, ते कुणाकडून तरी मागून न्या. मोबाईलचा टॉर्च चालेल पण छोटा एलईडी टॉर्च असेल तर बरा. लॅपटॉप आणि कार्ड रीडर. एक वर्तमानपत्राचं पान. रबरी ब्लोअर असेल तर तोही.

तपासणी, हळूहळू

आधी बाहेरून बघा. कोपऱ्याला पोचा म्हणजे खाली पडल्याची खूण, ती असेल तर लेन्स ज्या गोल धातूच्या कड्यावर बसते ते वाकडं नाहीये ना ते नीट बघा, लेन्स लावून हलवली की खडखडता कामा नये, अगदी किंचित हालचाल चालते. खालच्या आणि बाजूच्या स्क्रूंची तोंडं बघा, झिजलेली असतील तर कुणीतरी आत हात घातलाय. ग्रिपचं रबर सुटून फुगलेलं असेल तर ते मात्र वाईट लक्षण समजू नका, निकॉनमधे आपल्या हवेत ते होतंच आणि घरी नीट करता येतं, त्यावरून पाचशे-हजार कमी करून घ्या.

बॅटरी काढा आणि सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगलीये, ती वापरूच नका. डी९०, डी३००, डी७००० च्या सेटअप मेनूत बॅटरी इन्फो म्हणून आहे, त्यात बॅटरीचं वय ० ते ४ असं दाखवतं, ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलायची वेळ झाली. आणखी एक, डी९० ला ईएन-ईएल३ई हीच बॅटरी लागते, डी७० ची ईएन-ईएल३ दिसायला सारखी पण ती डी९० ला चालत नाही, आणि विकणारे कधी कधी तीच देतात. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरं काही दिसलं तर पाणी लागलेलं असू शकतं. तिथून मी सरळ परत येतो.

सीएफ कार्डवाला कॅमेरा असेल तर कार्डच्या खाचेत टॉर्च मारून आतल्या पिना बघा, एखादी जरी वाकडी असेल तर नको. एसडीमधे हा त्रास नाही.

आता लेन्स. माझ्या मते यावर निम्मा वेळ गेला पाहिजे. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा, मग उलटं करा. कॅननच्या लेन्सचं अॅपर्चर मोकळं असताना उघडंच असतं त्यामुळे सरळ आरपार दिसतं, निकॉनचं मात्र मिटलेलं असतं, मागच्या बाजूला छोटी दांडी असते ती नखाने हळूच सरकवली की उघडतं. थोडे धुळीचे कण सगळ्याच जुन्या लेन्समधे असतात, त्याने फोटोला काहीही होत नाही. बुरशी वेगळी ओळखता येते, बारीक फांद्या फुटलेल्या असतात किंवा कडेपासून आत जाणारी जाळी असते. दुधट धुकं दिसलं तर ती हेझ. पुढच्या काचेवर एखादा ओरखडा असला तरी घ्या, पण मागच्या काचेवरचा ओरखडा किंवा बुरशी घेऊ नका, मागच्या काचेवरचं फोटोत जास्त दिसतं. दांडी सोडली की अॅपर्चरच्या पात्या झटकन मिटल्या पाहिजेत, संथपणे आल्या किंवा त्यांच्यावर तेलाचा चकाकता थर असेल तर ती लेन्स लवकरच दगा देणार.

झूम आणि फोकसची रिंग फिरवून बघा, कुठे अडकते का, वाळूसारखं करकरतं का. गणपतीपुळे-तारकर्लीला नेलेल्या कॅमेऱ्यांमधे हे हमखास सापडतं, वाळू गेलेली लेन्स पूर्ण खोलल्याशिवाय बरी होत नाही.

लेन्स उतरवलेली असतानाच आरसा बघा, फक्त बघा, बोट लावू नका. त्याच्यावर किंवा वरच्या फोकसिंग स्क्रीनवर कण असतील तर व्ह्यूफाइंडरमधे दिसतात पण फोटोत येत नाहीत. व्ह्यूफाइंडर धूसर वाटला तर शेजारचं छोटं डायऑप्टरचं चाक फिरवा, चष्मेवाल्याच्या नंबरला लावून ठेवलेलं असतं आणि लोकांना वाटतं कॅमेराच खराब.

मग फोटो काढायला सुरुवात. या क्रमाने करा म्हणजे काही सुटत नाही.

पहिली टेस्ट सेन्सरची. एम (मॅन्युअल) मोड, आयएसओ २००, एफ/२२ (म्हणजे अॅपर्चर बारीक), फोकस मॅन्युअल करून पूर्ण बाहेर, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो. शटर सावकाश ठेवा आणि फोटो निघताना कॅमेरा हलवा, मुद्दाम हलवा, म्हणजे भिंतीचे डाग पुसट होतील आणि सेन्सरवरचे तेवढे जागच्या जागी राहतील. मोठा करून बघा. काळपट गोल ठिपके म्हणजे धूळ, ती निघते. ब्लोअर मारूनही न हलणारी बारीक तीक्ष्ण रेघ म्हणजे ओरखडा, तो नको. मग झाकण लावून आठ सेकंदाचा एक फोटो घ्या, दोन-चार रंगीत ठिपके चालतील, अख्खी ओळ पेटलेली दिसली तर चालणार नाही.

दुसरी शटरची. हे ट्यूबलाइट किंवा एलईडीच्या उजेडात करू नका, पट्टे उजेडामुळे येतात आणि आपण उगाच शटरला दोष देतो. खिडकीच्या उजेडात साध्या भिंतीचे फोटो घ्या, एका सेकंदापासून १/४००० पर्यंत. वेगवान शटरला वर किंवा खाली काळी पट्टी येत असेल तर शटर थकलंय.

तिसरी टेस्ट दुकानदारही करत नाहीत आणि मला ती सगळ्यात आवडते. एकाच भिंतीचे तीन फोटो, एफ/४ ला १/१०००, एफ/८ ला १/२५० आणि एफ/१६ ला १/६०, आयएसओ तोच. हिशोबाने तिघांचा उजेड सारखा यायला हवा. एफ/१६ चा जास्त उजळ आला तर अॅपर्चर नीट मिटत नाहीये, म्हणजे लेन्स अडकतेय किंवा बॉडीतली दांडी वाकलीये, दुसरी लेन्स लावून बघितलं की दोघांतला कोण ते कळतं.

चौथी फोकसची. वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा, कॅमेरा टेबलावर टेकवून समोरासमोर धरा, अॅपर्चर पूर्ण उघडं. मधली अक्षरं तासलेली दिसली पाहिजेत आणि डावी-उजवी बाजू सारखीच बरी-वाईट असली पाहिजे, एकच बाजू पुसट येत असेल तर लेन्सच्या काचा सरकल्यात, ती पडलेली असणार.

त्यानंतर किरकोळ म्हणून सोडून देतो ते सगळं करा. आतला फ्लॅश उडवा, सगळी बटणं दाबा, मागची-पुढची चाकं फिरवून आकडा एक-एक घरच सरकतो का बघा (उड्या मारत असेल तर चाक आतून झिजलंय), लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर समोरचं चित्र) दोन मिनिटं चालू ठेवा, लागोपाठ वीस-तीस फोटो घ्या म्हणजे आरसा अडकतो का ते कळेल.

शटर काउंट शेवटी. निकॉनमधे हा आकडा प्रत्येक फोटोच्या आतच लिहिलेला असतो, कार्डातली मूळ जेपेग लॅपटॉपवर एक्झिफटूल नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने उघडली की शटर काउंट म्हणून ओळ दिसते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत ही माहिती गळून जाते, त्यामुळे घरबसल्या फोटो मागवून उपयोग नाही. कॅननच्या बहुतेक मॉडेलमधे फोटोत आकडा नसतो, यूएसबीने जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढायला लागतो, आणि फाइलचं नाव आयएमजी ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं म्हणून त्यावरून अंदाज बांधू नका. डी९० चं शटर कंपनीने १ लाखाला तपासलंय, डी३०० नी डी७००० चं दीड लाखाला. तो आकडा ओलांडला की कॅमेरा त्याच दिवशी मरतो असं नाही, फक्त किंमत त्या मानाने कमी असली पाहिजे.

त्याच माहितीत बॉडीचा सिरियल नंबरही असतो. तो बॉडीच्या खालच्या नंबराशी आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. नाही जुळला तर चोरीचा माल असू शकतो, तिथे दया-माया नको.

पैसे

मी डी९० आणि त्याच्यासोबतच यायची ती १८-१०५ लेन्स, चार्जर, दोन बॅटऱ्या मिळून चौदा हजार दिले, बोलणी सतरापासून सुरू झाली होती. तुमच्या गावात, तुमच्या दिवशी वेगळे असतील. मी हिशोब असा करतो, जे पैसे आहेत त्यातले निम्म्याहून जास्त लेन्सला, उरलेले बॉडीला, आणि दीड-दोन हजार बाजूला, नवी बॅटरी आणि साफसफाईसाठी. बॉडी दर वर्षी उतरतच जाते, चांगली लेन्स दहा वर्षांनीही जवळपास तेवढ्याच पैशाला जाते. दुकानातून घेत असाल तर पावतीवर सिरियल नंबर आणि बदलून द्यायची मुदत लिहून घ्या. तोंडी बोलण्याचा नंतर उपयोग होत नाही, हे मी स्वतः एका दुकानात भोगलंय.

घरी आल्यावर पहिला आठवडा

मेनूतून सगळं रिसेट करा. आधीच्या मालकाने कुठेतरी एक्सपोजर मायनसमधे ठेवलेलं असतं, कुठे बटणांची कामं बदललेली असतात. तारीख-वेळ लावा, निकॉनच्या वरच्या पट्टीवर क्लॉक लुकलुकत असेल तर आतली छोटी बॅटरी उतरलीये, मोठी बॅटरी चार्ज करून दोन दिवस आत ठेवली की ती आपोआप भरते. कॅनन ४०डी वगैरेमधे त्यासाठी बटणासारखा वेगळा सेल असतो, तो बदलायचा.

नवीन माणूस घाबरून फोन करतो ते बहुतेक निरोप साधे असतात. निकॉनवर एफईई दिसलं म्हणजे जुन्या डी लेन्सची अॅपर्चर रिंग सुटलीये, ती सगळ्यात मोठ्या आकड्यावर, ५० एमएमला २२ वर, नेऊन लॉक करा. सीएचए म्हणजे कार्डाची तक्रार, एफओआर म्हणजे कार्ड फॉरमॅट मागतंय. कॅननवर एरर ०१ म्हणजे लेन्स आणि बॉडीचं बोलणं होत नाहीये, आधी संपर्काचे पिवळे ठिपके साफ करा, बहुतेक वेळा तेवढ्यात जातं, नाही गेलं तर लेन्समधली पट्टीसारखी केबल तुटलीये. १७-८५ लेन्समधे ही केबल तुटणं फार बघायला मिळतं.

फोटो रॉमधे (जेपेग न करता सेन्सरने टिपलेली मूळ फाइल) काढा. १२ मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्यातनं जे काही मिळतं ते रॉमधेच मिळतं, आणि ती उघडायची डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, डी९० च्या फाइल दोन्हींत उघडतात.

पावसाळा

जूनच्या आधी हे करून टाका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, किराणा ठेवतात तसला, त्यात सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रता मीटर. आकडा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं, किंवा केशरी हिरवट झालं, की ते पाण्याने भरलं, मंद ओव्हनमधे तापवून परत वापरता येतं, पण निळ्यात कोबाल्ट असतं म्हणून जेवणाच्या भांड्यात तापवू नका. मी केशरीच वापरतो. जेलऐवजी तांदूळ ठेवू नका, पिठूळ धूळ रिंगांमधे जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. लेदरची केस दिसायला छान पण ओल धरून ठेवते, ती वेगळी ठेवा. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून उजेडात चार फोटो काढा, बुरशीला अंधार आणि निवांतपणा हवा असतो.

एसीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की काचेवर धुकं धरतं. बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग उघडा. पुसत बसू नका.

घरी काय दुरुस्त करायचं

संपर्काचे ठिपके, लेन्सचे आणि बॉडीचे, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला जेमतेम ओलं करून पुसा. खोडरबर वापरू नका, वरचा मुलामा पातळ असतो आणि रबराचा भुगा आत पडतो.

ग्रिपचं रबर पूर्ण सोलून काढा, बॉडीवरचा आणि रबराचा जुना चिकट थर त्याच अल्कोहोलने घासून काढा, याला अर्धा तास लागतो आणि इथेच लोक घाई करतात. सुकल्यावर पातळ दुहेरी टेप आकाराप्रमाणे कापून लावा. टेप नसेल तर फेविबाँडचा पातळ थर दोन्ही बाजूंना, दहा मिनिटं सुकू द्या आणि मग दाबा. फेव्हिक्विक कॅमेऱ्याच्या जवळपासही नको, त्याची वाफ लेन्सच्या आणि स्क्रीनच्या काचेवर पांढरी बसते. रबर फुगून लांब झालं असेल तर कडेला ओढत चिकटवू नका, जास्तीचं ब्लेडने कापा.

सेन्सर साफ करायला आधी फक्त ब्लोअर. बॅटरी पूर्ण चार्ज, मेनूतून आरसा वर लॉक, कॅमेरा तोंड खाली धरून ब्लोअर मारा म्हणजे धूळ खाली पडेल. मध्येच बॅटरी संपली तर आरसा धाडकन खाली येतो, म्हणून पूर्ण चार्ज. फोटोत वर डावीकडे ठिपका असेल तर समोरून बघताना सेन्सरवर तो खाली डावीकडे असतो, उलटं दिसतं. ब्लोअरने नाही गेलं तर ओला स्वॅब, सेन्सरच्या मापाचा, दोन थेंब, एका दिशेने एकदा, परत उलटा फिरवायचा नाही, वापरलेला फेकून द्यायचा. कॉम्प्युटर साफ करायचा हवेचा कॅन मारू नका, त्यातला द्रव उडतो आणि डाग कायमचे. तोंडाने फुंकर तर अजिबात नाही. आरशाला काहीच लावू नका, त्याचा मुलामा पुढच्या पृष्ठभागावर असतो, नुसत्या कापडानेही ओरखडतो.

लेन्सच्या बाहेरच्या काचेवरची बुरशी क्लिनरने निघते. आतली निघायला लेन्स खोलावी लागते आणि बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही खूण राहते. १८-५५ किट लेन्ससाठी हा खर्च करू नका, तेवढ्यात दुसरी मिळते. ५० एमएम किंवा चांगली टेली (लांबचं जवळ आणणारी) असेल तर करा.

हात लावू नये असं

फ्लॅश असलेल्या बॉडीचं वरचं किंवा पुढचं कव्हर उघडू नका. आत फ्लॅशचा कपॅसिटर असतो, तीनशे व्होल्टच्या आसपास, बॅटरी काढून ठेवली तरी तो भरलेला राहतो. माझ्या ओळखीतल्या एकाला तो बसलाय, हात दोन दिवस दुखत होता आणि कॅमेऱ्याचं बोर्डही उडालं. शटर, आरसा, फोकसचा कोन, आतल्या केबली ही कामं रोज हेच करणाऱ्या माणसाकडे द्या. फोकस सगळ्या लेन्सवर पुढे-मागे पडत असेल तर डी३००, डी७०००, ५०डी, ७डी मधे मेनूतूनच थोडं जुळवता येतं, डी९० आणि ६०डी मधे ती सोय नाही, रिपेअरवाल्याकडेच जावं लागतं.

एखादा बाहेरचा स्क्रू फिरवायचाच झाला तर साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर नको, जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात, फिलिप्स घसरतो आणि तोंड खातो.

रिपेअरला देताना आधी अंदाज विचारा, सिरियल नंबर पावतीवर, लेन्स-कार्ड-बॅटरी काढून फक्त बॉडी द्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. इतक्या जुन्या मॉडेलचे नवे पार्ट मिळणं कठीण, तेव्हा रिपेअरवाला दुसऱ्या बंद बॉडीतला काढून घालतो, त्यात गैर काही नाही फक्त तसं सांगून करावं. खर्च बॉडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर गेला तर मी दुरुस्त करत नाही, बंद बॉडी ठेवून देतो. तिचे रबर, झाकणं, स्क्रू, आयकप सगळं कामाला येतं. डी९० चं बॅटरीचं दार खटक्याने निघतं, स्क्रूही नाही, आणि पोरीच्या कॅमेऱ्याचं दार तुटलं तेव्हा माझ्या कपाटातल्या बंद डी९० चं काढून दोन मिनिटांत बसवून दिलं.